रंगभवनात वाजलेली आपली गाणी

मुंबईच्या रॉक बँडांचा विषय निघाला की लोक थेट 'रॉक मशीन'वर येतात. मला त्याआधीची वर्षंही तितकीच मोलाची वाटतात. 1970 आणि 1971 साली एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' स्पर्धा झाल्या. देशभरातले बँड उतरले, त्यांच्या एलपीही निघाल्या, आणि त्यांवर काही गाणी बँडांची स्वतःची आहेत. म्हणजे उमेद होती. पुढे मात्र कॉलेजच्या गॅदरिंगपासून हॉटेलांपर्यंत डीप पर्पल आणि लेड झेपेलिन या परदेशी बँडांच्या गाण्यांचीच चलती झाली.

परदेशी गिटार आयात शुल्कामुळे हाताबाहेरची. तारासुद्धा कुणी बाहेरून येताना आणल्या तर मिळायच्या. गाण्यांचे शब्द छापील सापडणं मुश्कील. थोरल्या भावाचे मित्र आमच्या गिरगावातल्या खोलीत गाणं बसवायचे, तेव्हा मी कोपऱ्यात बसून बघायचो. एक ओळ ऐकायची, पॉजचं बटण दाबायचं, कानाला जे लागलं ते वहीत उतरवायचं, टेप पुन्हा मागे. गिटारचा सोलोही असाच, सूर सूर करून शोधायचा. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. याला कुणी नक्कल म्हटलं की मला राग येतो. गवई गुरूची चीज घोटतो, तशी ती घोटणी होती. त्यातूनच हात तयार झाले.

कस लागायचा तो श्रोत्यांसमोर. धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात मागच्या पायऱ्यांवरच्या पोरांना ओळखीचं गाणं हवं असायचं. सोलो रेकॉर्डबरहुकूम उतरला की टाळ्या. अनोळखी गाणं सुरू झालं की पायऱ्यांवरून फर्माइशींचा आरडाओरडा. त्या आवाजात आपलं गाणं शेवटपर्यंत वाजवायला छाती लागते.

1984 साली उभ्या राहिलेल्या रॉक मशीनची सुरुवातही कव्हरनेच, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवूनच झाली. महेश तिनईकर, जयेश गांधी, मार्क सेल्विन, उदय बेनेगल, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया: नुसती नावं वाचली तरी मुंबई दिसते. 1986 पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि अशा बँडांना हक्काचा मंच मिळाला. 1988 मध्ये रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम आला. गाणी इंग्रजीच, पण स्वतः रचलेली. 1990 मध्ये दुसरा अल्बम. 1993 मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं, तोवर एमटीव्ही घराघरांत पोचत होता. त्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ त्यावर लागायचे आणि आमच्या चाळीतही ते बघायला गर्दी व्हायची. माझ्या मते मुंबईच्या रॉकमधलं सर्वांत धाडसाचं पाऊल 1988 चंच. नाव नंतर बदललं, वळण आधीच घेतलं होतं.

1997 मध्ये बँड फुटला, 2010 मध्ये पुन्हा जमला, आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. रंगभवन मात्र गेलं. शेजारी रुग्णालयं असल्याने तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथल्या मैफली थांबल्या.

अल्बम निघाले ते जपले गेले. कव्हरच्या काळातली रेकॉर्डिंग मात्र घरोघरच्या टेपवरच राहिली. तुमच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट, तिकीट किंवा शब्द उतरवलेली वही असेल, तर रद्दीत घालू नका. कॅसेट लवकरात लवकर डिजिटल करून घ्या आणि तिच्यावर बँडचं नाव आणि साल लिहून ठेवा.