सगळ्यात भारी गाडी कुठली? १९३० ची राणी, नांदेडची वंदे भारत अन् आपलं हदगाव

नांदेडहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडच्या रेल्वेवेड्या मंडळींत एक वाद पेटलाय, तो काही विझायचं नाव घेत नाही. महाराष्ट्रातली सगळ्यात भारी गाडी कुठली? पंचविशीतली पोरं वंदे भारतच्या बाजूनं. पुण्यात शिकून आलेले दोघं-तिघं डेक्कन क्वीनशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. आणि ज्यांनी मनमाडला डोक्यावर वळकटी घेऊन गाड्या बदलल्यात ती जुनी माणसं मधेच म्हणतात, "अरे, तुम्ही अजिंठा एक्स्प्रेस बघितली कुठं?" बसस्टँडसमोर चहा पिताना हा वाद मी चार-पाच वेळा तरी ऐकला. गंमत अशी की वाद घालणारे सगळे हदगावचे. ज्या गावात रेल्वेचं स्टेशनच नाही, त्या गावचे.

शेवटी म्हणलं, वाद भावनेवर कशाला घालायचा, वेळापत्रक घेऊन बसू. बसलो, आणि जे निघालं ते जरा चक्रावून टाकणारं आहे.

वंदे भारत आधी मुंबई ते जालना होती, ३० डिसेंबर २०२३ ला तिला हिरवा झेंडा दाखवला. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली. नांदेडहून पहाटे ५ ला निघून दुपारी २ वाजून २५ मिनिटांनी मुंबईला, अंतर साधारण ६१० किलोमीटर. भागाकार करा. सरासरी येते तासाला ६५ किलोमीटरच्या आसपास. गाडी स्वतः ताशी १६० नं धावू शकते.

आता डेक्कन क्वीन. १ जून १९३० ला जीआयपी रेल्वेनं, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीनं ती सुरू केली. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर, त्या काळी पावणेतीन तासात. सरासरी ७० च्या घरात! तेही बोरघाट चढून, जिथं ३७ फुटाला एक फूट असा चढ आहे आणि आजही कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिन लावावं लागतं.

म्हणजे ९५ वर्षांपूर्वीची, घाट चढणारी गाडी सरासरीत आपल्या आजच्या वंदे भारतपेक्षा पुढं. पुणेवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये, कारण आजची डेक्कन क्वीन त्याच अंतराला सव्वातीन तासांच्या आसपास घेते. तिची सरासरी ६० च्याही खाली गेली. डबे नवे आले, इंजिनं बदलली, गाडी मात्र आजीपेक्षा हळू.

इथंच माझं म्हणणं सुरू होतं. आपण वाद घालतो गाडीवर. वेग असतो रुळात. रूळ कसे टाकले, किती टाकले, त्यावर किती गाड्या कोंबल्या आणि कुणासाठी टाकले, यात.

डेक्कन क्वीन वेगात धावली, कारण तिच्यासाठी सगळं जुळवून आणलं होतं. कल्याण-पुणे मार्गावर नुकतीच वीज आली होती. लाइन आजच्या मानानं मोकळी होती. सात-सात डब्यांचे दोन रेक, एक रुपेरी, एक निळा. डब्यांचा खालचा सांगाडा इंग्लंडहून आलेला, वरचं काम माटुंग्याच्या कारखान्यातलं. आणि हे सगळं कुणासाठी? पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतीला जाणाऱ्या साहेब लोकांसाठी आणि मुंबईच्या शेठ लोकांसाठी. सुरुवातीला गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसरा वर्ग लागला तो १९५५ साली, स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाल्यावर. तुमच्या-माझ्या आज्याला त्या राणीत चढता आलं नसतं, हे राणीचे गोडवे गाताना लक्षात राहू द्या.

खुद्द इंग्रजांच्या देशातही हाच वाद आहे, आणि तो जास्त कडवट आहे म्हणे. तिथले जुने लोक मॅलार्डचं नाव घेतात. त्या वाफेच्या इंजिनानं ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण तो काही मिनिटांचा विक्रम. रोजच्या माणसाला रोज वेगात नेणारी गाडी आली १९७६ मध्ये, इंटरसिटी १२५. डिझेलवर चालणारी, दोन्ही टोकांना इंजिन, वेग ताशी १२५ मैल. लंडन ते ब्रिस्टल १९० किलोमीटर, म्हणजे बरोबर आपलं मुंबई-पुणे. वेळ साधारण दीड तास.

यातली खरी गोष्ट पुढं आहे. ही गाडी म्हणजे इंग्रजांची तात्पुरती सोय होती. त्यांचं मन जडलं होतं दुसऱ्याच गाडीवर, तिचं नाव एपीटी. वळणावर आपोआप कलणारी, जुन्या वळणावळणाच्या मार्गावरही सुसाट जाईल अशी. तिला उशीर व्हायला लागला म्हणून तोवर काम भागावं यासाठी ही डिझेल गाडी केली. एपीटी डिसेंबर १९८१ मध्ये प्रवासी घेऊन धावली, थंडीत बिघडली, कलण्यानं लोकांना मळमळायला लागलं, पेपरवाल्यांनी (आमचीच जात!) टिंगल केली आणि काही दिवसांतच ती काढून घेतली. तात्पुरती गाडी मात्र चाळीस वर्षांहून जास्त चालली. का? लंडन-ब्रिस्टल मार्ग ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं १८४१ पर्यंत बांधून पूर्ण केला होता, तो इतका सरळ आणि सपाट की एकशे पस्तीस वर्षांनी आलेल्या गाडीला नवी लाइन टाकावीच लागली नाही.

ब्रुनेलचे रूळ इतरांपेक्षा रुंद होते, सात फुटांवर. पुढं सगळ्या देशाचं एकच माप ठरलं, तेव्हा त्याचे रूळ बदलावे लागले. मे १८९२ मध्ये शेवटचे पावणेदोनशे मैलांच्या आसपास रूळ एका शनिवार-रविवारात बदलून टाकले. हजारो मजूर लावले आणि सोमवारी गाड्या चालू.

आता आपल्या गेजची कहाणी ऐका.

आपण "निजामाची रेल्वे" म्हणतो, पण ती कित्येक वर्षं निजामाची नव्हतीच. कंपनी लंडनची, नाव निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. यातला "गॅरंटीड" शब्द महत्त्वाचा. रेल्वेला फायदा होवो न होवो, तिकडच्या भागधारकांना ठरलेलं व्याज हैदराबादच्या तिजोरीतून मिळणार, अशी हमी. म्हणजे शेवटी आपल्याच रयतेच्या सारा-पट्टीतून. याच व्यवस्थेत गोदावरी खोऱ्याची लाइन आली. हैदराबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद, मनमाड. ३९१ मैल, १९०१ पर्यंत पूर्ण. पण स्वस्तात पडते म्हणून मीटरगेज. मनमाडला पलीकडं जीआयपीचं ब्रॉडगेज, म्हणून तिथं उतरायचं, सामान उचलायचं, दुसऱ्या गाडीत बसायचं. हैदराबाद सरकारनं ही रेल्वे विकत घेतली ती १ एप्रिल १९३० ला. बरोबर दोन महिन्यांनी तिकडं मुंबईत डेक्कन क्वीनला हार घातला गेला.

मनमाडची ती अदलाबदल किती वर्षं चालली? नव्वद वर्षं. इंग्रज गेले, निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, तरी रूळ तेच. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला, मोर्चे, निवेदनं, आंदोलनं सगळं झालं, तेव्हा कुठं नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज नांदेडपर्यंत पोचलं. आज पोरं ज्या वंदे भारतचे रील टाकतात, ती गाडी त्या आंदोलनाच्या रुळावरून धावते.

म्हणून अजिंठा एक्स्प्रेसचं नाव घेणाऱ्या जुन्या माणसांना मी हसत नाही. काचीगुडा-मनमाड धावणारी ही गाडी १९६७ च्या सुमारास देशातल्या मीटरगेज गाड्यांत सगळ्यात जलद गणली जायची. सरासरी किती? ४२.५ किलोमीटर. वाफेचं इंजिन, मीटरभर रुंदीचे रूळ, आणि त्यात ४२.५! तिथून वंदे भारतच्या ६५ वर यायला आपल्याला जवळजवळ साठ वर्षं लागली. माझ्या हिशोबात तरी मिळालेल्या रुळाचं सोनं करणारी गाडी म्हणजे अजिंठाच.

वंदे भारत हळू का? लाइन एकेरी असली की समोरून गाडी आली तर एकीनं थांबायचं. क्रॉसिंग म्हणजे काय ते देवगिरीनं नाहीतर तपोवननं गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. परभणी-मुदखेड दुहेरी झालं. संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली जुलै २०२५ च्या शेवटच्या दिवशी. म्हणजे मंजुरी आणि नांदेडची वंदे भारत यांत महिनाही नाही. गाडी आधी आली, तिला पळायला लागणारा रूळ नंतर येणार.

आणि हदगाव? पहाटे ५ ची गाडी धरायची तर आपल्या माणसानं मध्यरात्रीनंतर गाडी करून निघायचं, नाहीतर आदल्या दिवशी नांदेडला पाहुण्याकडं मुक्काम ठोकायचा. घराच्या दारापासून मोजा सरासरी, म्हणजे कळेल. त्यापेक्षा हिमायतनगर जवळ. एकेकाळी ते आपल्याच तालुक्यात होतं, म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. किनवटच्या जंगलातून येणारी नंदीग्राम तिथं थांबते. कुणी तिचे रील काढत नाही, पण या भागातली किती लेकरं तिच्यात बसून शिकायला, कामाला मुंबईकडं गेली असतील.

आपली स्वतःची लाइन कागदावर आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटर, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव करत नांदेडला. २००८-०९ मध्ये मंजूर झाली. त्यातल्या वर्धा-कळंब या पहिल्या तुकड्यावर २८ फेब्रुवारी २०२४ ला गाडी सुरू झाली. तुकडा किती, तर चाळीस किलोमीटरच्या आसपास. पंधरा वर्षांत तेवढंच. १९०१ मध्ये टिकाव-फावड्यानं ३९१ मैल पूर्ण झाले होते, असं कुणी म्हणेल. खरंय, पण तेव्हा शेतकऱ्याला जमिनीबद्दल विचारायची पद्धत नव्हती. आज विचारावं लागतं, मोबदला द्यावा लागतो, आणि ते बरोबरच आहे. तरीही विचारायला आणि मोबदला द्यायला किती वर्षं लागावीत, हा प्रश्न उरतोच.

दारव्ह्याहून जुनी नॅरोगेज शकुंतलाही जायची, यवतमाळ-मूर्तिजापूर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत ओढलं. तिच्यावर वेगळं लिहीन.

सध्या एक मागणं आहे. मीटरगेजच्या काळात अजिंठानं नाहीतर पॅसेंजरनं ज्यांनी मनमाड गाठलंय, त्यांनी तेव्हा घरून किती वाजता निघत होता आणि मुंबईत कधी पोचत होता, ते खाली लिहा. जुनं तिकीट किंवा वेळापत्रक कुणाच्या पेटीत असेल तर फोटो टाका. आणि उमरखेड ते हदगाव पट्ट्यात ज्यांची जमीन लाइनमध्ये गेलीय, त्यांनी मोजणी कधी झाली, पैसे मिळाले की नाही, तेही कळवा. गावनिहाय यादी करतोय.