खानदेशातील सौरविद्युत : पॅनेलांचा मेळ व त्यांची जोडणी

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे होत. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या प्रदेशाच्या विजेचा विचार करू लागताच प्रथम डोळ्यांपुढे येते ते भुसावळनजीकचे दीपनगर औष्णिक केंद्र. तेथे कोळसा बाहेरून यावयाचा, वीज तारांवाटे बाहेर जावयाची, आणि गृहस्थाचा तिच्याशी संबंध बटन व बिल एवढ्यापुरताच असावयाचा. सौर पॅनेल छपरावर चढले तेव्हा हा संबंध पालटला. वीज वापरणारा तोच ती निर्माण करणाराही झाला, आणि केंद्रातील अभियंत्याची चिंता त्याच्या घरी आली.

प्रकाशापासून वीज उत्पन्न होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकेरेल याने १८३९ मध्ये दाखविले. परंतु व्यवहारोपयोगी सिलिकॉन घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चेपिन, फुलर व पिअरसन यांनी १९५४ मध्ये सिद्ध केला. त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. खानदेशात या विद्येचा प्रसार मुख्यतः शेतीच्या वाटेने झाला. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी उभारलेल्या जळगावच्या जैन इरिगेशन या उद्योगाने ठिबक सिंचनाच्या जोडीने सौर पंपही शेतकऱ्यांपुढे आणले. पंपाचे काम तुलनेने सोपे होते. ऊन असेल तेव्हा पाणी उपसावे व टाकीत साठवावे. बॅटरीची गरज नाही.

दुसरा टप्पा मोठ्या केंद्रांचा होय. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचे १२५ मेगावॅटचे केंद्र २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. त्यास जर्मन विकास बँकेचे अर्थसाहाय्य होते. अशा केंद्राला जमीन फार लागते. जमिनीच्या प्रश्नाचे दारुण रूप शिंदखेडा तालुक्यात दिसले. विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी विद्युत्प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या प्रश्नावरून जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन केले व काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. छपरावरील केंद्राचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक उमगते, कारण त्यासाठी कोणाचे शेत घ्यावे लागत नाही. राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये छपरावरील विजेच्या नक्त मोजणीचे नियम केले. २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘सूर्यघर’ योजनेने तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरविले.

साहाय्याने पॅनेल मिळते. त्यांचा मेळ मात्र ज्ञानानेच साधतो. पॅनेल एकसरीत जोडली असता विद्युत्दाबांची बेरीज होते व प्रवाह तोच राहतो. समांतर जोडली असता प्रवाहांची बेरीज होते व दाब तोच राहतो. यावरून दोन नियम निघतात. एकसरीतील सर्व पॅनेलांची प्रवाहक्षमता सारखी असावी. दहा अँपिअरच्या रांगेत आठ अँपिअरचे एक जुने पॅनेल घातले, तर सर्व रांगेस आठवरच चालावे लागते, अथवा डायोडमार्गे त्या दुबळ्या पॅनेलला वगळून त्याची वीज सोडून द्यावी लागते. तसेच समांतर जोडावयाच्या रांगांचा दाब समान असावा. पाण्याच्या टाकीची सावली ज्यांवर पडते ती पॅनेल, किंवा पूर्वेकडे व पश्चिमेकडे तोंड केलेली पॅनेल, एकाच रांगेत गुंफू नयेत.

खानदेशाचे हवामान येथे विशेष विचारात घ्यावे लागते. सिलिकॉन पॅनेलचा दाब तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०·३ टक्के घटतो; पॅनेलवरील आकडे २५ अंश सेल्सिअसचे असतात. खुल्या मंडलात ५० व्होल्ट देणारी दहा पॅनेल एकसरीत जोडली तर कागदावर ५०० व्होल्ट होतात. मे महिन्यात घट सत्तर अंशांपर्यंत तापले की हाच दाब सुमारे ४३२ व्होल्टवर उतरतो. उलट हिवाळ्यात धुळ्याचा पारा पाच अंशांच्या आसपास आला, तर पहाटेच्या पहिल्या उन्हात तो ५३० व्होल्टपर्यंत चढतो. इन्व्हर्टरची मर्यादा ५०० व्होल्ट असल्यास तो त्याच सकाळी निकामी होण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी नऊच पॅनेल घ्यावीत. त्यांचा दाब ४७७ व्होल्टच्या पुढे जात नाही. म्हणजे उन्हासाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात रांगेची लांबी थंडी ठरविते.

एकदिश प्रवाहाच्या ढिल्या सांध्यात उठलेली ठिणगी सहजासहजी विझत नाही, हेही ध्यानी धरावे. सारांश, साक्रीच्या माळावर जे गणित अभियंत्यांनी केले तेच आता अमळनेरच्या वा शिरपूरच्या छपरावर तारतंत्र्याला करावयाचे आहे. तेथे चूक झाली तर मोठ्या संस्थेचा तोटा होत नाही. एका कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत जाते. म्हणून खानदेशातील सौरविद्युतेचा यापुढील इतिहास मेगावॅटच्या आकड्यांइतकाच या तारतंत्र्याच्या शिक्षणावर अवलंबून राहील.