मोडीतून वाचलेला वारसा

दिंद्रुडसारख्या गावात काय किंवा मोठ्या शहरात काय, घरातील जुने पितळी दिवे नि अडकित्ते बहुधा मोडीतच जातात. अशा वस्तूंचे मोल पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी ओळखले. चष्म्यांचा व्यवसाय करणारे केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविताही लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी संग्रहास आरंभ केला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून दिवे, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे मिळविले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती.

त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच निवर्तला. त्याच्याच नावाने १९६२ साली संग्रहालय उभे राहिले. १९७५मध्ये केळकरांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुत्रशोकाचे असे लोकार्पण झाले. आज तेथे २०,०००हून अधिक वस्तू आहेत; त्यांपैकी मांडलेल्या सुमारे २,५००च.

दान एकदाच होते. निगा मात्र रोज राखावी लागते. आम्हां धर्मग्रामस्थांच्या माळ्यांवरही जुन्या समया, तसबिरी, नोंदवह्या धूळ खात असतात. त्या मोडीत घालण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबणार आहोत का?