धर्मानंद कोसंबी : एका वाचकाची जडणघडण

गोव्यातील सांकवाळ हे गाव पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीतले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांवर घाला पडला, तेव्हा या गावच्या लक्ष्मीनरसिंहाला अंत्रुज महालातील वेलिंग येथे आश्रय घ्यावा लागला. देव दूर आणि भक्त गावात, अशी स्थिती तेथील हिंदू कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली. घरची बोली कोंकणी, पोथीपुस्तकांची भाषा मराठी आणि सरकारदरबारची पोर्तुगीज. अशा या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. पुढे ते भिक्षू झाले, पालीचे पंडित म्हणून समुद्रापलीकडे गेले, सत्याग्रही म्हणून तुरुंगातही राहिले. घरादाराचे संस्कार आणि आयुष्याने दिलेले अनुभव यांतून माणूस कसा घडतो, याचे इतके बोलके उदाहरण आपल्याकडील अर्वाचीन इतिहासात विरळाच आढळेल.

धर्मानंदांचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते. १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला आणि नारळीच्या बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. चारचौघांसारखा संसार करून त्यांनी गावातच आयुष्य काढले असते, तर कोणालाही नवल वाटले नसते. परंतु हाती येईल ते मराठी पुस्तक वाचून काढण्याची त्यांना ओढ होती. या वाचनात दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. एक तुकोबांचे चरित्र व गाथा; दुसरी, १८९७ च्या सुमारास लहान मुलांच्या एका मराठी मासिकात वाचनात आलेले बुद्धाचे छोटेसे चरित्र. पहिल्या वाचनावाचून दुसरे इतके खोल रुजले असते काय, असा प्रश्न पडतो. संसारात राहून संसाराचे असारपण जाणणे, जनरीतीपेक्षा स्वतःच्या मनाची साक्ष मोठी मानणे, हे गाथेने त्यांना आधीच शिकविले होते. बुद्धाची वाट त्यांना दिसली ती तुकोबांच्या उजेडात. परक्या वाटणाऱ्या गोष्टीकडे माणूस वळतो तोसुद्धा स्वतःच्या घरच्या उंबरठ्यावरूनच, हे येथे ध्यानात येते.

१८९९ च्या डिसेंबरात त्यांनी घर सोडले. पुण्यास संस्कृतचा आरंभ झाला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून व्याकरण शिकू लागले. बुद्धाचा धर्म जिवंत पाहावा या आशेने १९०२ मध्ये त्यांनी नेपाळ गाठले. परंतु तेथे जे रूप दिसले, त्याने निराशाच पदरी आली. मग बोधगया, कलकत्ता आणि अखेर सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले व प्रव्रज्या घेतली. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानाचा अभ्यास केला. पाली ग्रंथ त्या काळी मुख्यतः सिंहली, ब्रह्मी किंवा रोमन लिपीत मिळत. म्हणजे भारतात जन्मलेल्या भगवंतांची वचने वाचण्यासाठी एका भारतीयाला परक्या लिपी शिकाव्या लागत होत्या. या अनुभवाने त्यांच्या पुढील कार्याची दिशा ठरविली.

१९०६ मध्ये कलकत्त्यास येऊन त्यांनी चीवर उतरविले आणि राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम पत्करले. वरवर पाहता हा माघारीचा प्रसंग. परंतु आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगावा, ही तळमळ त्यांच्या मनात बळावत होती. कलकत्त्यासच राहिल्यास दरमहा २५० रुपये मिळण्यासारखे होते. याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सांगितले, की महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाला एक ग्रंथ लिहून द्यावा, बडोदे सरकार दरमहा ५० रुपये देईल. धर्मानंदांनी ५० रुपये स्वीकारले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये ग्रंथरूप झाली. भिक्षूचे वस्त्र, देश आणि व्यवसाय बदलूनही त्यांची वाङ्मयाची भाषा बदलली नाही. त्यांनी तिचीच निवड केली, तीही आर्थिक नुकसान सोसून.

१९१० मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे हे काम होते. संपादकत्वाचे श्रेय कोणाचे, या मुद्द्यावर मतभेद होऊन १९१२ मध्ये ते परतले. त्यानंतरही ते अनेकदा तेथे गेले. मात्र हार्वर्डची ही आवृत्ती निघाली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविले. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तेथेच तयार झाले आणि पाली ग्रंथ देवनागरीत आणण्याचे कार्य पुढे चालले. अमेरिकेतील वास्तव्यात समाजवादी विचारांशी परिचय झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास घडला. १९३७ मध्ये परळच्या कामगारवस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला. प्रत्येक अनुभव आधीच्या संस्कारांना पुसून न टाकता त्यांच्यावर नवा थर चढवीत गेला.

याचे सर्वांत स्पष्ट प्रतिबिंब त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात दिसते. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप गृहत्याग केला, ही प्रसिद्ध कथा धर्मानंदांनी इतिहास म्हणून मान्य केली नाही. प्राचीन सुत्तांच्या आधारे त्यांनी दाखविले, की आईवडील अश्रू ढाळीत असतानाच गौतमाने घर सोडले; आणि माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्रे उचलतात, याची त्याला वाटलेली उद्विग्नता हे त्यामागचे एक कारण होते. स्वतः घर सोडून गेलेल्या आणि सत्याग्रहात उतरलेल्या अभ्यासकाचीच दृष्टी या ठिकाणी खिळावी, हा योगायोग म्हणता येत नाही. प्रमाणे ग्रंथांतली होती. ती पाहण्याची नजर मात्र आयुष्याने दिली होती.

या घडणीची किंमतही नोंदविली पाहिजे. धर्मानंद बाहेर पडले तेव्हा थोरली कन्या तान्ही होती. पुढील जवळजवळ सात वर्षे पत्नी बाळाबाई त्यांच्यावाचून गोव्यात राहिल्या. ज्या काळात पतीला नवी ओळख लाभत होती, त्या काळात पत्नीच्या वाट्याला प्रतीक्षा आली. ‘निवेदन’ या धर्मानंदांच्या आत्मचरित्रामुळे त्यांचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. बाळाबाईंचे निवेदन कोणी लिहिले नाही.

१९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले पुत्र दामोदर यांना आजोबांचे नाव आणि वडिलांचा विद्याव्यासंग मिळाला. हार्वर्डमध्ये शिकलेला हा गणितज्ञ पुढे इतिहासाकडे वळला. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या आपल्या पुस्तकात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहावे, असे त्याला वाटले. धर्मानंद श्रद्धेच्या वाटेने गावापासून दूर गेले होते. पुत्र शास्त्राच्या वाटेने त्याच मातीपाशी पोहोचला.

आयुष्याच्या अखेरीस पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा अभ्यास करीत असता धर्मानंदांनी जीर्ण झालेल्या देहाचा अन्नत्यागाने शेवट करण्याचे ठरविले. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. महात्मा गांधींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. गाथा, त्रिपिटक आणि श्रमणपरंपरा या तिन्हींचे धागे त्या एका आयुष्यात विणले गेले होते.

ग्रंथालयाच्या शताब्दीत किती ग्रंथ आले, किती सभासद झाले, याचा हिशेब ठेवता येतो. कोणत्या वाचकाच्या मनात कोणते पान उतरले, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. बुद्धाचे ते छोटे चरित्र छापणाऱ्या मासिकालाही सांकवाळच्या बागायतीत ते कोण वाचत आहे, हे ठाऊक नव्हते. पुस्तके जपून ठेवावीत आणि मागणाऱ्याच्या हाती द्यावीत, याचे कारण त्यातच आहे.