तीन घरं, मधलं रिकामं: बक्षिसाच्या शब्दकोड्यांची गोष्ट

मंडळी, कल्याणच्या पुढे गाडीत बसायला जागा मिळाली की आजूबाजूला बघा. चारातला एक तरी मोबाइलवर इंग्रजी शब्द शोधत असतो. पाच अक्षरं, त्यात 'आर' आहे, 'ई' शेवटी आहे, बाकी काय? उल्हासनगर येईपर्यंत सुटतं, नाहीतर बदलापूरपर्यंत डोकं खातं. या खेळात आज कुणाचा पैसा जात नाही. पण एके काळी यात लोकांचे पैसे जात होते, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. आजचा विषय तो.

शब्दकोडं हे तसं वयाने लहानच. 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन नावाच्या, मूळच्या लिव्हरपूलच्या माणसाने पहिलं कोडं छापलं. पतंगासारख्या चौकोनाचं. तिथून ते इंग्लंडात आलं आणि इंग्रजी छापखान्यांबरोबर आपल्याकडेही. इथपर्यंत सगळी करमणूकच आहे.

गंमत बक्षिसापासून सुरू होते. खरं शब्दकोडं आणि बक्षिसाचं शब्दकोडं दिसायला सारखी, आतून वेगळी, बरं का! नेहमीच्या कोड्यात उत्तर एकच असतं. डोकं चाललं की ते सापडतं, आणि सापडलं की कळतंसुद्धा. पण मग हजार लोकांचं उत्तर बरोबर येणार. बक्षीस कुणाकुणाला देणार? म्हणून मालकांनी युक्ती काढली. मी माझंच एक उदाहरण देतो. तीन घरं आहेत. पहिलं अक्षर 'सी' दिलंय, शेवटचं 'टी' दिलंय, मधलं रिकामं. सूचना अशी की 'गरिबाच्या घरातही हे असतं'. आता 'कॅट' लिहायचं की 'कॉट'? मांजरही असतं, खाटही असते. भाषेच्या अंगाने दोन्ही बरोबर. मालकाने पाकिटात आधीच सीलबंद करून ठेवलेला शब्द कोणता, एवढाच प्रश्न उरतो. अशा दोन-दोन पर्यायांच्या 17 सूचना असल्या, तर एका कोड्याच्या 1,31,072 उत्तरपत्रिका होतात. प्रत्येक पत्रिकेला प्रवेश फी! इंग्रजी चांगलं येणारा आणि जेमतेम येणारा, दोघं इथे एकाच पायरीवर.

आता काळ लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी भरला. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना होता. अशा वस्त्यांमध्ये थोडे पैसे टाकून मोठी रक्कम मिळण्याची आशा म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. तिथे किती जणांनी कोडी भरली, याचा हिशेब मी मांडत नाही. पण कायदा ज्या माणसाचा विचार करून झाला, तो माणूस असाच.

तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. त्या सरकारने 1948 मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. दारूबंदीचंच वातावरण होतं ते, मोरारजीभाई गृहमंत्री. पण कायद्यात एक भोक राहिलं. राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रातली स्पर्धा त्याच्या बाहेर होती. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची कोडी असायची आणि ती मुंबई राज्यात धडाक्यात खपायची. इथे फॉर्म आणि फी गोळा करणारी माणसं होती. कोडं तिकडचं, पैसा इकडचा! 1952 मध्ये सरकारने दुरुस्ती करून ते भोक बुजवलं. चमारबागवाला उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, हा आमचा व्यापार आहे आणि व्यापाराचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय. तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला, म्हणून सरकार वर गेलं.

मधल्या काळात केंद्राचाही कायदा आला, 1955 चा. त्याची व्याख्या वाचताना मला नेहमी हसू येतं: अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवण्यावर, त्यांची मांडणी-फेरमांडणी करण्यावर आधारलेलं कोणतंही कोडं. आपल्या गाडीतल्या माणसाचंच वर्णन की! महिन्याला एकूण बक्षीस 1,000 रुपयांपेक्षा जास्त नको, आणि प्रवेशिका 2,000 पेक्षा जास्त नकोत. धंदाच बसला.

9 एप्रिल 1957 रोजी दोन्ही खटल्यांचे निकाल एकाच दिवशी लागले. मुंबई सरकारच्या खटल्यात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून सुरुवात करून मनू, याज्ञवल्क्यापर्यंत सगळ्यांना साक्षीला बोलावलं. निष्कर्ष हा की जुगार हा व्यापारच नव्हे, मग त्याचं स्वातंत्र्य कुठलं? फॉर्म आणि पैसे इथे गोळा होतात, एवढा संबंध कर लावायला पुरेसा आहे. केंद्राच्या कायद्याच्या खटल्यात मात्र न्यायालयाने एक रेघ ओढली. कायदा लागू होईल तो नशिबाच्या स्पर्धांना. जिथे खरोखर कौशल्य लागतं, त्या कोड्यांना नाही.

माझ्या मते ती रेघ योग्य होती, पण ओढायला अवघड. 'कॅट' की 'कॉट' हे ठरवणं कौशल्य नाही, हे दिसतं. पण रमीचं काय, क्रिकेटचा संघ निवडण्याचं काय? पुढे सत्तर वर्षं वकील याच रेघेवर भांडले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांचा कायदा केला, तेव्हा ती रेघच बाजूला ठेवली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायचा नाही.

गाडीतल्या पाच अक्षरांना त्यातलं काही लागू नाही. तिथे फीही नाही आणि सीलबंद पाकीटही नाही. शब्द चुकला तर फक्त स्टेशन चुकतं.