'मुरे' माशाचें नांव

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यांत बोंबील, निवटी, कोळंबी हीं नांवें लहान मुलांसही पाठ असतात. परंतु 'मुरे' म्हणजे कोणता मासा, असें आम्हीं तेथील एका वृद्ध कोळिणीस विचारलें, तेव्हां ती हंसून म्हणाली, "मास्तर, तो आमच्या खाडीचा नव्हे, घाटावरच्यांना विचारा." तिचें म्हणणें यथार्थ होतें. वाहत्या ओढ्याच्या तळाशीं गोट्यांना बिलगून राहणाऱ्या, करंगळीएवढ्या ह्या माशाची हकीकत घाटावरच सुरू होते.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यास 1824 मध्यें मुंबई सरकारनें दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमिलें. लोकसंख्या व शेतसारा मोजतां मोजतां हा गृहस्थ पक्षी आणि मासेही टिपूं लागला, व 1838 मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढें त्यानें दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. त्यांतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. पुष्कळ माशांचीं लॅटिन नांवें त्यानें मराठी माणसांच्या तोंडून उचललीं. खुद्री, मुल्या आणि आमचा 'मुरे', सारे त्याच पंगतीस बसले. पुढें 1872 मध्यें फ्रान्सिस डे यानें पुण्याच्या दुसऱ्या एका चिमुकल्या माशास कर्नल इव्हेझार्डचें नांव दिलें. सन्मान उचितच, तथापि साइक्सची रीत आम्हांस अधिक रुचते.

पण 'मुरे'चें नांव फार काळ टिकलें नाहीं. साइक्सनें त्यास 'कोबायटिस' ह्या युरोपीय माशांसाठीं केलेल्या गणांत घातलें होतें. मागाहून पंडितांनीं ठरविलें कीं, बुकॅनन-हॅमिल्टननें 1822 मध्यें वर्णिलेला पूर्वेकडील 'बोटिया' तोच हा. चूक क्षम्य होती. दोघांच्या शेपटीच्या मुळाशीं वरच्या अंगास काळा ठिपका, दोघांच्या मुखाशीं मिशांच्या तीन जोड्या. अखेर 2015 मध्यें सिंगर व पेज ह्या अभ्यासकांनीं नमुने ताडून 'मुरे' ही वेगळीच जाति असल्याचें दाखविलें. साइक्सनें निबंध वाचल्यास तेव्हां एकशें सत्त्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं!

असें शोध अद्याप चालूच आहेत. इव्हेझार्डच्या माशाच्या गणांत 2021 मध्यें सह्याद्रींतील दोन नव्या जातींची भर पडली. 2020 मध्यें आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमाशीं, देवळाच्या कुंडांत, 'शिस्टुरा हिरण्यकेशी' सांपडला. पुढच्याच वर्षीं राज्य सरकारनें ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. तेथें माशास नांव मिळालें आणि पाण्यास राखणदारही.

पुण्यास तसें झालें नाहीं. साइक्सनें मासे टिपले त्या मुळा-मुठेंत आतां शहराचें सांडपाणी वाहतें. ह्या जातींस लागतो उथळ, वाहता प्रवाह आणि स्वच्छ गोट्यांचा तळ. गेल्या पावसाळ्यानंतर आम्हीं मुठेच्या पुलावर थांबून बराच वेळ खालीं पाहिलें. तळ दिसला नाहीं.