विद्यापीठ अनुदान समिती, ब्रिटन

ब्रिटनमधील विद्यापीठांना सरकारी अनुदानाचे वाटप कसे करावे, हे ठरविणारी सल्लागार समिती (१९१९–८९). पहिल्या महायुद्धानंतर विद्यापीठांची आर्थिक ओढाताण सुरू झाली, तेव्हा जुलै १९१९ मध्ये ती नेमली गेली. पहिले अध्यक्ष सर विल्यम मॅकॉर्मिक. तिच्यामागे कोणताही कायदा नव्हता आणि ती शिक्षण खात्याऐवजी थेट अर्थखात्याला जोडलेली होती.

कार्यपद्धती : अनुदान सामान्यतः पाच वर्षांसाठी एकदम ठरे. काही राखीव रकमा सोडल्या, तर विद्यापीठाला ते ठोक मिळे. पैसा ग्रंथालयावर खर्चायचा, वेतनावर की नव्या अध्यासनावर, हे विद्यापीठच ठरवी. शिक्षणस्वातंत्र्याचे खरे संरक्षण या हिशेबी तपशिलात होते. विषयवार आकडा मंत्र्यापुढे येतच नसे. साहजिकच नावडत्या विभागाचा पैसा अडविण्याची सोय त्याला नव्हती.

ऱ्हास : १९६४ मध्ये समिती शिक्षण खात्याकडे गेली. १९६८ पासून महालेखापरीक्षकाला विद्यापीठांच्या वह्या खुल्या झाल्या. पुढील दशकातील महागाईत पंचवार्षिक पद्धत मोडली. १९८१ ची सरकारी अनुदानातील कपात समितीनेच वाटून दिली. सॅलफर्ड विद्यापीठाचे अनुदान तीन वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. कपात वाटण्याचे हे काम समितीने पत्करायला हवे होते का, याबाबत मतभेद आहेत.

१९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने समिती संपुष्टात आणली आणि १ एप्रिल १९८९ पासून विद्यापीठ निधी परिषद आली. २० नोव्हेंबर १९८७ पासून नेमलेल्या वा बढती मिळालेल्या अध्यापकांची कायमपणाची हमीही त्याच कायद्याने काढून घेतली. मात्र रूढ मतांना आव्हान देणाऱ्या, अप्रिय विचार मांडणाऱ्या अध्यापकाची नोकरी त्यापायी धोक्यात येऊ नये, हे तत्त्व उमराव सभेतील दुरुस्तीमुळे कायद्यात आले. ही दुरुस्ती त्या सभेचे सदस्य रॉय जेंकिन्स यांची. कायद्यातील हा सर्वांत मोलाचा भाग होय.

उत्तर आयर्लंड : अनुदान तेथील शासनाचे, समिती फक्त सल्ला देई.

भारत : १९४५ मध्ये अलीगढ, बनारस व दिल्ली या विद्यापीठांसाठी याच नावाची समिती नेमण्यात आली. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. मुंबई महाराष्ट्रात समाविष्ट करण्याच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. नाव ब्रिटनचे घेतले, रचना मात्र वेगळी. १९५६ च्या कायद्याच्या कलम २० अन्वये राष्ट्रीय हेतूंशी निगडित धोरणाबाबत केंद्राचे निर्देश आयोगाला पाळावे लागतात. एखादा प्रश्न धोरणाचा आहे की नाही, हेही केंद्रच ठरविते. ब्रिटनमध्ये मंत्र्याला नव्या परिषदेला निर्देश देण्याचा अधिकार १९८८ च्या कायद्याने मिळाला.